गेममधली औषधी झाडं आणि अमरपणा: खानापूरच्या जंगलातून लोर (गेमच्या जगातल्या जुन्या गोष्टी) कसं उभं करायचं

आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी साईडला जे कोण डंजन्स अँड ड्रॅगन्स किंवा तसला फासे टाकून खेळायचा टेबलटॉप गेम चालवतात, म्हणजे डीएमच्या (गोष्ट सांगणाऱ्या आणि नियम बघणाऱ्याच्या) खुर्चीत बसतात, त्यांच्यासाठी हे लिहायलोय. विषय एकच, तुमच्या जगातल्या औषधी वनस्पती आणि अमर होणं ह्या दोन गोष्टी कशा बसवायच्या. बहुतेक जणांच्या जगात काय होतंय, जंगलात एक चमकणारं निळं फूल असतंय, ते खाल्लं की जखम भरते, आणि तेच फूल हजार वर्षांचं जुनं असलं की माणूस अमर होतो. म्हणजे अमरपणा हा औषधाचाच मोठा डोस झाला. इथंच सगळी मजा जाते बघा.

सगळ्यात आधी हे पक्कं करा की बरं होणं वेगळं आणि न मरणं वेगळं. आपल्या गोष्टींत हे आधीच ठरलेलं आहे. हनुमानानं द्रोणागिरी उचलून आणला, संजीवनीनं लक्ष्मण उठला, पण अमर झाला नाही. उलट अश्वत्थामा, त्याच्या कपाळावरचा मणी काढून घेतला आणि कृष्णानं शाप दिला की ३००० वर्षं रक्त-पू वाहणारं अंग घेऊन एकटा भटकशील, आणि लोकांच्या तोंडी तर तो अजून फिरतोय, जखमेला तेल मागत. मरत नाही आणि बरापण होत नाही. ह्या दोघांना समोर ठेवून वहीत दोन वेगळी पानं करा, एकावर गेलेलं परत काय आणतंय ते, दुसऱ्यावर जायचं ते कशानं थांबतंय ते, आणि एका पानावरची वनस्पती दुसऱ्यावर फुकट जाऊ देऊ नका.

आता औषधाचं पान. इथं पहिली अडचण नियमांचीच येते. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत रात्रभर लाँग रेस्ट, म्हणजे झोप, घेतली की सगळे हिट पॉइंट (कॅरेक्टरचा जीव मोजायचा आकडा) परत, आणि साधं हीलिंग पोशन, म्हणजे जखम भरायचं औषध, ५० गोल्डला (सोन्याच्या नाण्यांना) मिळतंय, चार बाजूंचे दोन फासे टाकून अधिक २ एवढं भरून देतंय. मग पावसात जळवा अंगावर घेऊन मुळी उकरायला कोण जाणार? म्हणून झोपेनं जे बरं होत नाही तेच झाडपाल्याला द्या. विष, ताप, शाप, आणि मला सगळ्यात आवडतंय ते एक्झॉशन, म्हणजे थकवा. त्याच्या ६ पायऱ्या असतात, सहावीवर कॅरेक्टर मरतंय आणि लाँग रेस्टनं एकच पायरी उतरते, तर तुमच्या वैद्याचा काढा घेतला की त्या रात्री दोन उतरतात एवढं ठेवा. पोरं आपोआप वैद्याचं घर विचारत येतात.

वनस्पती कुठून आणायच्या? नेटवरून नावं उचलू नका, जांबोटी-कणकुंबी-भीमगडचं जंगल आपल्या उशाला आहे, त्यातल्या झाडांच्या सवयी बघा आणि त्या सवयीचे नियम करा. कारवी घ्या, सात वर्षं नुसती हिरवी उभी असते, मग एकदा पावसाळा सरता सरता अख्खा उतार जांभळा करते आणि बी टाकून वाळून जाते. तुमचं औषध जर असल्या झाडाचं असलं तर राज्यं त्या सात वर्षांच्या हिशोबानं लढाया करतील, फुलण्याच्या आधीच्या वर्षी सगळे आजारी लोक कसंतरी जगत राहायला बघतील, आणि फुलल्यावर डोंगराखाली सैन्य तळ टाकून बसेल. एका सवयीतून अख्खी कॅम्पेन, म्हणजे बरेच दिवस चालणारी गोष्ट, निघते. गुळवेल, जिला अमृता म्हणतात, तिचा तोडलेला तुकडा नुसता टांगून ठेवला तरी हिरवा राहतो, फुटवा काढतो, आणि जाणकार निंबावर चढलेलीच मागतात. म्हणजे वेलीचा गुण तिच्या आधाराच्या झाडावर ठरतो, हा नियम तसाच उचला, वडावरची ताप उतरवते आणि स्मशानातल्या झाडावरची काय करते ते तुम्ही ठरवा.

कळलावी मात्र नीट बघून घ्या, पावसाळ्यात कुंपणाला चढलेली दिसते, पानाचं टोकच वळून तारेला धरतंय, पाकळ्या लाल-पिवळ्या, मागं वर वळलेल्या, देखणी एकदम. तिच्यात कोल्चिसीन असतंय, ते गाऊटवर (सांधे सुजायच्या आजारावर) औषध म्हणून देतात, आणि तिचाच कंद पोटात गेला तर माणूस दगावतो. तर गेममध्ये हर्बलिझमचा (झाडपाल्याचं औषध करायचा) फासा थोडक्यात हुकला तर औषध वाया, पण पाचपेक्षा जास्तनं हुकला तर तेच औषध विष झालं, असं करा. आणि नरक्या, घाण वासाचं झाड, त्याच्यात कॅम्प्टोथेसिन असतंय, जे १९६६ साली एका चिनी झाडातून वेगळं केलेलं, त्याच्यावरून पुढं टोपोटिकन आणि इरिनोटिकन ही कॅन्सरची औषधं निघाली. म्हणून सह्याद्रीत नरक्याची चोरून तोड होते, रात्री गाड्या भरून. इथं व्हिलन आयता मिळाला, तो राक्षस नाही, कंत्राटदार आहे, आणि त्याच्या मालानं लांबच्या शहरात खरोखर कुणाचा तरी जीव वाचतोय. पार्टीनं (खेळणाऱ्यांच्या कॅरेक्टरच्या टोळीनं) त्याला मारायचं का नाही ह्यावर पोरं अर्धा सेशन भांडतील, भांडू द्या.

नमुना म्हणून मी तयार केलेली एक वेल देतो, हवी तर तशीच वापरा. नाव उसनवेल. मोठ्या झाडावर चढते, तिचं पान वाटून लावलं की कसलीपण जखम एका रात्रीत भरते, कापलेलं बोटसुद्धा. पण जेवढं बरं केलं तेवढं आधाराचं झाड वाळतं. त्यामुळं पार्टी नव्या गावात शिरली आणि गावाभोवती सगळी झाडं वाळलेली दिसली की त्यांनी ओळखायचं, इथं लोक फार बरे झालेत. हे डीएमनं सांगायचं नाही, फक्त वाळकी झाडं दाखवायची. पुढं कधीतरी जंगलाच्या आत एक म्हातारा भेटतो, त्याच्या बरगडीतल्या उघड्या जखमेत ती वेल रुजलीय. झाडाच्या जागी तो आहे. वेल त्याला मरू देत नाही कारण आधार मेला तर ती मरते, आणि जखम भरू देत नाही कारण मूळ तिथंच आहे. औषधाच्या पानावरची वेल अमरपणाच्या पानावर आली, पण किंमत देऊन आली.

औषध कुणाला माहीत आहे हे औषधाएवढंच महत्त्वाचं. आपल्याकडं गावात मुळी देणारे असतात, ते कृती बाहेर सांगत नाहीत, सांगितलं तर गुण जातो म्हणतात. आणि त्याच बेळगावात आयसीएमआरची पारंपरिक औषधांवर काम करणारी राष्ट्रीय संस्थापण आहे. लपवणारे आणि लिहून ठेवणारे असे दोन गट तुमच्या जगात ठेवा, दोघांचंपण बरोबर वाटलं पाहिजे. आणखी एक, आपल्या टेबलवर मराठी-कन्नड दोन्ही बोलणारी पोरं असतातच की, तर कृती अर्धी एका गावात मराठीत आणि अर्धी पलीकडच्या गावात कन्नडमध्ये ठेवा, ज्या पोराला जी भाषा येते त्यालाच ती चिठ्ठी द्या. गप्प बसणारं पोरगं त्या दिवशी बोलायला लागतंय.

आता अमरपणाचं पान, इथं घाई करू नका. आपल्या पुराणात अमर होण्याच्या प्रत्येक गोष्टीला एक भोक ठेवलेलं आहे, ते भोक शोधायचं आणि त्याचाच नियम करायचा. राहूनं अमृत प्यायलं पण ते गळ्याखाली उतरायच्या आत विष्णूनं मुंडकं उडवलं, म्हणून डोकं तेवढं अमर. तर तुमच्या अमृताला अंगात पसरायला वेळ लागतो, समजा लढाईचे सहा राऊंड (फेऱ्या), तेवढ्यात वार झाला तर कुठला भाग अमर राहिला ते ठरवा. कच शुक्राचार्यांकडं संजीवनी विद्या शिकायला गेला, असुरांनी त्याला जाळून राख दारूत घालून गुरूलाच पाजली, मग शुक्राचार्यांनी पोटातल्या कचाला विद्या शिकवली, तो पोट फाडून बाहेर आला आणि त्यानं मेलेल्या गुरूला उठवलं. शेवटी देवयानीचा शाप, तुला ही विद्या फळणार नाही, आणि कच म्हणाला ठीक आहे, मी ज्याला शिकवीन त्याला फळेल. ह्याच्यापेक्षा चांगला क्लेरिक (देवाच्या शक्तीनं बरं करणारं कॅरेक्टर) मला कुठं भेटला नाही. मेलेल्याला उठवता येतं पण स्वतःच्या हातानं नाही, म्हणजे दर वेळी नवा शिष्य तयार करायला पाहिजे.

सौंदत्तीच्या रेणुकेची कथा आपल्या सगळ्यांना पाठ आहे, परशुरामानं बापाच्या सांगण्यावरून आईचं मुंडकं उडवलं आणि मग वर मागून तिला जिवंत केलं, महाभारतात तर त्यानं हेपण मागितलं की तिला मारल्याची आठवण राहू नये. परत आलेल्या माणसाला मरणाची आठवण नसणं, आणि मारणाऱ्याला ती कायम असणं, हे टेबलवर फार जड पडतंय आणि फार चालतंय. पण एक विनंती, यल्लम्मा आपल्या घराघरातली देवी आहे, तिला एनपीसी (डीएमनं चालवायचं पात्र) करू नका, गोष्टीचा सांगाडा घ्या आणि नावं नवीन ठेवा. कुणाच्या घरी बसून खेळायलाय ह्याचं भान राहू द्या.

आणि वीरगळ, म्हणजे लढाईत मेलेल्या वीराचे कोरीव दगड, विसरू नका. आपल्या भागात गावाच्या वेशीला, देवळाच्या मागं असतात, खाली लढाई, मधे अप्सरा वीराला घेऊन चाललेत, वर तो शिवलिंगासमोर बसलाय, आणि टोकाला चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ह्याचं नाव. हा अमरपणा शरीराचा नाहीच. गेममध्ये असा दगड ठेवा की ज्याचं नाव त्याच्यावर आहे त्याचा आत्मा त्या गावाच्या हद्दीत एकदा मदतीला येतो, पण दगड कुणी पालथा घातला, धुणं धुवायला नेला, तर नाही. हलशीला गेलात तर कदंबांची जुनी देवळं निवांत बघा, डोक्यात जागेचा नकाशा तयार होतो.

एक तांत्रिक गोष्ट राहिली. रिव्हिव्हिफाय स्पेल (गेममधला मंत्र) मेल्यापासून एका मिनिटाच्या आत, ३०० गोल्डच्या हिऱ्यावर माणूस उठवतं आणि रेझ डेड १० दिवसांपर्यंत, ५०० च्या हिऱ्यावर. हे तसंच चालू ठेवलं तर वरची सगळी मेहनत वाया. मी हिरे काढून टाकतो आणि त्या जागी वनस्पती मागतो, ती पण ठराविक ऋतूतली. रीइन्कार्नेट स्पेलला तर नियमातच १००० गोल्डची दुर्मिळ तेलं आणि मलमं लागतात, म्हणजे रस्ता आधीच केलेला आहे.

चालवताना पहिल्या दोन सेशनला अमर हा शब्दपण काढू नका, नुसता ताप, विष, काढा, वैद्याच्या घरातला खानापुरी मातीच्या मडक्यांचा वास, एवढंच. तिसऱ्याला वाळकी झाडं. खरी झाडं टेबलवर आणायची असली तर फोटो आणा, पान-कंद आणू नका, कळलावी तर अजिबात नाही, बारकी पोरं असतात घरात. आणि एखादा प्लेअर शेवटी म्हणालाच की माझं कॅरेक्टर वेल अंगात रुजवून घेतंय, तर लगेच हो म्हणू नका, आधी त्याला विचारा की तुझ्या जखमेला तेल कोण लावणार, आणि पार्टीतल्या ज्यानं हात वर केला त्याच्या शीटवर ते लिहून घ्या.