दहावीतल्या पोराची झोप कशी मोजावी, कशी वाढवावी

सकाळी सव्वासहाच्या एसटीत मागच्या सीटवर चार-पाच पोरं खिडकीला डोकं टेकून झोपलेली दिसतात. घरचं उत्तर ठरलेलं: "रात्रभर मोबाईल पाहून रायते." हे अर्धंच खरं. वयात येताना झोप आणणारं मेलाटोनिन तास-दोन तास उशिरा स्रवू लागतं. नऊला डोळा लागत नाही तो आळस नव्हे. पण एसटी थांबत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारनं सकाळी नऊच्या आधी शाळा नको असं ठरवलं, तेही चौथीपर्यंतच!

आधी वही मागा. पहिल्या-दुसऱ्या तासाचं पान पाहा. अक्षर ओळीखाली घसरतं, शब्द मध्येच तुटतो, पेनाची रेघ समासापर्यंत जाते. तिथं काही सेकंदांची डुलकी लागलेली असते. पोराला ती कळतही नाही. लक्ष धरून ठेवणारा आणि राग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. झोप तुटली की त्यालाच मोठा फटका. उलट उत्तरं येतात ती त्यातूनच.

मग सात दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर डोळा लागल्याची आणि उठल्याची वेळ लिहा. या वयाला 8 ते 10 तास लागतात. "मला सहा पुरतात" यावर जाऊ नका. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात मोठी माणसं चौदा रात्री सहा-सहा तासच झोपली. त्यांचं लक्ष रात्रभर जागलेल्या माणसाइतकं ढासळलं, आणि त्यांना वाटत होतं आपलं ठीक चाललंय.

आता उलटं मोजा. साडेपाचला उठायचं तर साडेनऊला झोप लागायला हवी. दर दोन-तीन रात्रींनी पंधरा मिनिटं अलीकडे या. उजाडलं की बाहेर उजेडात राहू द्या, शरीराचं घड्याळ त्यानंच अलीकडे सरकतं. मोबाईल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला, उठायला गजराचं घड्याळ. चारनंतर चहा बंद. परीक्षेत माय रात्री दहाला कपभर चहा आणून देते, त्यात माया असते. पण पाच-सहा तासांनीही त्यातलं निम्मं कॅफिन अंगात असतं. पाठ केलेलं मेंदूत पक्कं होतं ते झोपेत. म्हणून रात्री सूत्र वाचून पुस्तक मिटा, सकाळी न पाहता लिहा.

रविवारी फार तर तासभर उशिरा उठू द्या. दुपारी वीस मिनिटांची डुलकी चालेल. मार्चनंतर उकाड्यात बाज अंगणात, मच्छरदाणी लावून.

हरभऱ्याच्या ओलिताला रात्रीची लाइन (वीज) असली किंवा रानडुकरांपायी जागलीला पाठवावंच लागलं, तर शनिवार निवडा. दुसऱ्या दिवशी मात्र गाडीची चावी देऊ नका.

पंधरा दिवसांनी तीच वही पुन्हा पाहा. नऊ तास झोपूनही अक्षर घसरतच असेल, किंवा पोरगं रोज जोरात घोरत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.