वर्डप्रेस: मराठी शीर्षकाची लिंक अर्धीच का येते?

सेटिंग्जमधल्या पर्मालिंक्समध्ये ‘पोस्ट नेम’ निवडलं की शीर्षकच लिंक बनतं. ‘उकडीचे मोदक फुटू नयेत म्हणून’ या लेखाची लिंक मात्र ‘उकडीचे-मोदक-फुटू-नयेत-म्ह’ इथे तुटली. थीम बदलली, कॅशे साफ केला. उपयोग शून्य, कारण दोष त्यांचा नव्हताच.

लिंकमधला शीर्षकापासून बनलेला भाग म्हणजे स्लग. डेटाबेसमध्ये त्याला 200 जागा असतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट्सचं, आणि लिंकमध्ये प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह 3 जागा खातो. म्हणजे एका चिन्हाला 9. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात (एकट्या ‘म्ह’ला 27!). जेमतेम 22 चिन्हं मावतात. व्हॉट्सॲपवर टक्क्यांची लांबलचक माळ दिसते तीही यामुळेच.

उपाय साधा. प्रकाशित करण्याआधी एडिटरच्या उजव्या पट्टीत स्लग रोमन लिपीत, तीन-चार शब्दांत लिहा. शीर्षक मराठीच राहू द्या.

आधीच प्रकाशित झालेल्या पोस्टचा स्लग बदलला तर वर्डप्रेस जुना लक्षात ठेवतं आणि वाचकाला नव्या पत्त्यावर नेतं. ‘पेज’ आणि कॅटेगरीला ही सोय नाही. तिथे रीडायरेक्ट स्वतः लावा. कॅटेगरीचे स्लग तर पहिल्याच दिवशी ठरवून टाकलेले बरे.