टाइलच्या भिंतीतून पाण्याचा पाइप आरपार नेताना

सोलापुरात महापालिकेचे पाणी रोज येत नाही. उजनी धरणातून शंभराहून अधिक किलोमीटरच्या जलवाहिनीने आलेले पाणी शहरात काही दिवसांआड सुटते, त्यामुळे बहुतेक घरांत खाली हौद, वर टाकी आणि बोअर असेल तर तिची वेगळी लाइन अशी व्यवस्था गरजेप्रमाणे वाढत गेलेली असते. घर बांधताना मनात नसलेली एखादी लाइन पुढे स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघरात आणायची ठरते, तेव्हा वाटेत टाइल लावलेली भिंत असते. पाइप जोडण्याचे काम प्लंबर तासाभरात करून जातो, परंतु भोक पाडताना तडकलेल्या टाइलच्या रंगाची आणि नक्षीची दुसरी टाइल काही वर्षांनी बाजारात मिळेलच असे नाही. म्हणून हे काम स्वतः करणाऱ्याने, किंवा उभे राहून करवून घेणाऱ्यानेही, ते नीट समजून घ्यायला हवे.

मुळात ध्यानात ठेवण्याची गोष्ट एकच आहे. टाइल आणि तिच्यामागची भिंत हे दोन वेगळे पदार्थ आहेत आणि त्यांना दोन वेगळ्या रीतींनी भोक पाडावे लागते. टाइल पाणी घालत, हळूहळू घासून कापायची असते. वीट आणि गिलावा मशीनच्या हॅमरच्या, म्हणजे फिरता फिरता ठोके देण्याच्या सोयीच्या, ठोक्याने फोडत पुढे जायचे असते. टाइल पूर्णपणे पार होईपर्यंत मशीनचा हॅमर बंद ठेवला, तर टाइल फुटण्याचा मोठा धोका तेथेच टळतो.

भोक कोठे पाडायचे हे ठरवण्याआधी भिंत कशाची आहे ते पाहावे. जुळे सोलापूर, विजापूर रस्ता, होटगी रस्ता या बाजूंच्या नव्या इमारतींत सांगाडा काँक्रीटचा आणि मधल्या भिंती विटांच्या किंवा ब्लॉकच्या असतात. बाहेरची भिंत साधारणपणे ९ इंची, तर आतील आडभिंत साडेचार इंची असते. दोन्ही बाजूंचा गिलावा, टाइल आणि तिच्यामागचा मसाला धरून ९ इंची भिंतीतून पार जायला १० ते ११ इंच अंतर कापावे लागते. कॉलम आणि बीम यांना हात लावू नये. खोलीच्या कोपऱ्याजवळ आणि खिडकीच्या वरच्या पट्ट्यात काँक्रीट असण्याची शक्यता अधिक असते. बिट, म्हणजे मशीनला लावलेले भोक पाडणारे टोक, अचानक पुढे सरकेनासे झाले, धातू घासल्यासारखा आवाज आला किंवा ठिणगी दिसली, तर सळई लागली आहे असे समजून तेथेच थांबावे आणि जागा बदलावी.

जुन्या पेठांमधील घरांची गोष्ट वेगळी आहे. तेथे काळ्या दगडाच्या दीड-दोन फूट, कधी त्याहून जाड भिंती असतात, आणि दोन बाजूंच्या दगडी थरांमध्ये माती व दगडगोट्यांची भर असते. अशा भिंतीवर पुढे कधीतरी गिलावा करून टाइल लावलेली असली, तरी वरून ती नव्या भिंतीसारखीच दिसते. आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट. तो इतका कठीण असतो की घरगुती ड्रिल मशीन त्यावर नुसते तापत राहते. ठोके देत राहिल्यास मधली भर ढासळून आतील दगड सैल होण्याची भीती असते. येथे पाण्यावर चालणारे कोअर कटिंग मशीन असलेल्या कारागिराला बोलवावे, आणि शक्य असेल तर बाहेरच्या बाजूने दगडांचा सांधा पाहून त्याच्या रेषेत भोक घ्यावे. पुढील सूचना विटांच्या आणि ब्लॉकच्या भिंतींसाठी आहेत.

जागा ठरवताना आतून आणि बाहेरून अशी दोन्हीकडून मापे घ्यावीत. दोन्ही बाजूंना सामाईक असा एखादा संदर्भ लागतो. खिडकीच्या चौकटीची कड त्यासाठी उत्तम. त्या कडेपासून आडवे अंतर आणि खिडकीच्या तळापासून उभे अंतर आत मोजावे, तेच बाहेर मोजून खूण करावी, आणि त्या जागी बाहेर सांडपाण्याचा पाइप, विजेची पट्टी, छज्जा किंवा शेजाऱ्याची भिंत येत नाही ना हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे. आतील बाजूस विजेचे बोर्ड कोठे आहेत ते पाहून त्यांच्या सरळ वरची, खालची आणि त्याच उंचीवरची आडवी पट्टी टाळावी, कारण भिंतीतील वायरचे पाइप बहुधा याच रेषांत जातात. नळाच्या तोट्यांनाही हाच नियम लावावा. काम सुरू करण्यापूर्वी त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे विजेच्या मुख्य बोर्डावरचा खटका, बंद करावा आणि वरच्या टाकीचा व्हॉल्व्हही बंद ठेवावा.

मग टाइलकडे वळावे. बोटाच्या पेराने किंवा नाण्याने टाइलवर ठिकठिकाणी हलके ठोकून पाहावे. आवाज भरीव आला तर मागे मसाला पूर्ण आहे. पोकळ आला तर तेथे टाइलला आधार नाही आणि ती जागा टाळलेली बरी. अनेक ठिकाणी टाइलच्या पाठीला मसाल्याचे चार-पाच गोळे लावून ती दाबून बसवलेली असते, त्यामुळे एकाच टाइलमध्ये भरीव आणि पोकळ अशा दोन्ही जागा सापडतात. टाइलच्या कडेपासून भोकाची कड निदान एक इंच आत असावी. सांध्यात भोक घेतले तर टाइल वाचते असे पुष्कळ जण मानतात, पण सांध्यात भोक घेणे म्हणजे एकाऐवजी दोन टाइलांच्या कडा कापणे, आणि टाइलची कड हाच तिचा सर्वांत कमकुवत भाग असतो. माझे मत टाइलच्या मध्यभागाच्या बाजूने आहे.

भोकाचे माप ठरवताना बहुतेकांचा घोटाळा होतो, कारण अर्धा इंची पाइप म्हणजे अर्धा इंच जाडीचा पाइप नव्हे. अर्धा इंची सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्यालाही चालणाऱ्या प्लास्टिकच्या, पाइपचा बाहेरचा व्यास सुमारे १६ मिलिमीटर, पाऊण इंचीचा सुमारे २२, तर एक इंचीचा सुमारे २८.५ मिलिमीटर असतो. अर्धा इंची यूपीव्हीसी (थंड पाण्याचा प्लास्टिक) आणि जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप बाहेरून २१ मिलिमीटरच्या वर जातात. दुकानातून पाइपचा तुकडा आणून तो प्रत्यक्ष मोजणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग. पाइप थेट भिंतीत न गाडता एका मोठ्या पाइपमधून, म्हणजे स्लीव्हमधून, न्यावा असे मी आग्रहाने सांगेन. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि उन्हातला पाइप त्याहूनही तापतो. थंडीतली पहाट आणि वैशाखातली दुपार यांत ४० अंशांचा फरक धरला, तर ३ मीटर लांबीचा सीपीव्हीसी पाइप ७ ते ८ मिलिमीटर लांब-आखूड होतो. सिमेंटमध्ये घट्ट पकडलेल्या पाइपला ही हालचाल करता येत नाही आणि तो ताण जवळच्या एल्बोवर, म्हणजे वळणाच्या जोडावर, येतो. शिवाय स्लीव्ह असेल तर पुढे कधी पाइप बदलताना टाइलला पुन्हा हात लावावा लागत नाही. अर्धा इंची सीपीव्हीसीसाठी २५ मिलिमीटरचा वायरिंगचा पीव्हीसी पाइप स्लीव्ह म्हणून पुरतो. त्यासाठी भिंतीत २८ मिलिमीटरचे आणि टाइलमध्ये ३२ मिलिमीटरचे भोक घ्यावे. टाइलमधले भोक मुद्दाम मोठे ठेवायचे, म्हणजे पुढे हॅमरचे बिट टाइलच्या कडेला लागत नाही.

साहित्य फार नाही. टाइलसाठी ३२ मिलिमीटरचे डायमंड कोअर बिट, म्हणजे कडेला हिऱ्याची भुकटी बसवलेली पोकळ नळी. वेग कमी-जास्त करता येणारे साधे ड्रिल मशीन. भिंतीसाठी एसडीएस (बिट खटक्याने अडकवण्याची खाच असलेला) रोटरी हॅमर, म्हणजे जोरदार ठोके देणारे ड्रिल मशीन, त्याचे १० मिलिमीटरचे आणि २८ मिलिमीटरचे, निदान ४०० मिलिमीटर लांबीचे बिट. कागदी चिकटपट्टी, पाणसळ, पाण्याची बाटली, चष्मा आणि एन-९५ मास्क. रोटरी हॅमर विकत घेण्याची गरज नाही, तो दिवसाच्या भाड्याने मिळतो. डायमंड बिटवर मात्र काटकसर करू नये. व्हिट्रिफाइड टाइल साध्या सिरॅमिक टाइलपेक्षा पुष्कळ कठीण असते आणि भिंतीचे साधे मेसनरी बिट तिच्यावर केवळ चकाकी खरवडते.

खुणेच्या जागी चिकटपट्टीचे दोन तुकडे फुलीसारखे चिकटवून त्यावर केंद्र काढावे. पोकळ बिटला मध्ये टोक नसल्यामुळे ते गुळगुळीत टाइलवर सरकते आणि सरकताना ओरखडे काढते. याला दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे प्लायच्या तुकड्यात सुताराकडून ३२ मिलिमीटरचे भोक करून घेऊन तो तुकडा खुणेवर दुहेरी चिकटपट्टीने बसवणे आणि बिट त्या भोकातून चालवणे. नवख्याने हाच उपाय करावा. दुसऱ्या उपायात बिट तिरके धरून एका कडेने टाइलवर चंद्रकोरीएवढी खाच पाडतात आणि मशीन फिरत असतानाच ते हळूहळू सरळ करत पूर्ण वर्तुळ उमटवतात. याला हाताचा सराव लागतो.

हॅमर बंद आहे याची पुन्हा एकदा खात्री करून मशीन कमी वेगाने सुरू करावे. या मापाच्या बिटला मिनिटाला ५०० ते ८०० फेरे पुरेसे होतात. पाकिटावर निर्मात्याने वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळावा. जोर लावू नये, मशीनचे वजन आणि हाताचा हलका दाब एवढाच असू द्यावा. सोबतच्या माणसाने बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडून बिटच्या कडेवर सतत पाण्याची धार धरावी. पाणी दोन कामे करते: हिऱ्याची धार थंड ठेवते आणि कापलेली भुकटी वाहून नेते. खाली ताकासारखे पांढरट पाणी ओघळत असेल तर काम योग्य चालले आहे. पाणी आटून धूळ उडू लागली, जळका वास आला किंवा बिटची कड काळी पडली, तर थांबून बिट पाण्यात बुडवावे; कोरडे चालवलेले डायमंड बिट एका टाइलमध्येच निकामी होऊ शकते. अर्ध्या मिनिटाने बिट किंचित बाहेर ओढून खाचेत पाणी जाऊ द्यावे. पाणी आणि वीज एकत्र येत असल्यामुळे बॅटरीवरचे मशीन सर्वांत सुरक्षित. वायरचे असेल तर ते ईएलसीबी किंवा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा खटका) असलेल्या जोडणीवरच लावावे, पायात रबरी चप्पल असावी आणि पाण्याची धार मशीनकडे येणार नाही अशी धरावी.

साधी टाइल काही मिनिटांत कापली जाते, व्हिट्रिफाइडला अधिक वेळ लागतो. टाइल संपत आली की आवाज बदलतो, किणकिणता सूर जड होतो आणि पाण्याचा रंग पांढऱ्याचा करडा होतो. नेमक्या या क्षणी घाई करून दाबण्याचा मोह होतो आणि टाइलचा पाठीमागचा पापुद्रा फुटतो, म्हणून येथे दाब आणखी कमी करावा. कापलेली चकती निघाली की मागचा मसाला दिसतो, आणि येथून पुढे डायमंड बिटचे काम संपते.

भिंतीचे भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरते असावे. ९ इंचांत ५-६ मिलिमीटर उतार पुरतो. पावसाचे पाणी पाइपच्या कडेने आत शिरत नाही आणि आत कधी गळती झालीच तर पाणी बाहेर जाते. पाणसळ मशीनवर ठेवून हा कल पाहावा. आधी १० मिलिमीटरचे लांब बिट भोकाच्या मध्यावर लावून पहिला इंचभर हॅमरशिवाय जावे, मग हॅमर सुरू करावा. बाहेरचा गिलावा जवळ आला की हॅमर पुन्हा बंद करावा, कारण आतून ठोके देत बाहेर पडल्यास बाहेरच्या गिलाव्याचा बशीएवढा खपला निघतो. बारीक भोक आरपार झाले की ते आपल्या बाहेरच्या खुणेवर आले आहे का ते पाहावे. चूक असेल तर ती सुधारण्याची शेवटची संधी हीच. त्यानंतर २८ मिलिमीटरचे बिट बाहेरून अर्ध्यापर्यंत आणि उरलेले आतून असे चालवावे. आतून चालवताना बिट टाइलच्या भोकात मोकळे फिरते आहे, कडेला घासत नाही, इकडे सतत लक्ष ठेवावे. भिंतीच्या दुसऱ्या बाजूलाही टाइल असेल, तर बारीक बिट त्या टाइलपर्यंत नेऊन थांबवावे, मापाने खूण करून ती टाइल तिच्या बाजूने डायमंड बिटनेच कापावी.

पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राची पाव इंची नळी नेण्यासाठी एवढा व्याप करावा लागत नाही. त्या नळीचा व्यास ६.३५ मिलिमीटर असतो. भाल्याच्या टोकासारखे ८ मिलिमीटरचे टाइल बिट सिरॅमिक टाइलला पुरते, आणि पुढचे काम त्याच मापाच्या लांब मेसनरी बिटने होते.

भोकातील धूळ ब्रशने काढून कडा ओल्या कराव्यात आणि स्लीव्ह सिमेंट-वाळूच्या मसाल्यात बसवावी. आत ती टाइलला समपातळीत कापावी, बाहेर मात्र सेंटिमीटरभर पुढे ठेवावी. पाइप स्लीव्हमधून सरळ तुकडा म्हणूनच जातो, एल्बो लावलेला पाइप त्यातून जाणार नाही. म्हणून दोन्ही टोकांचे जोड पाइप आरपार गेल्यावरच सॉल्व्हंटने चिकटवावेत आणि डब्यावर दिलेला सुकण्याचा वेळ पूर्ण जाऊ द्यावा. शक्यतो एकही जोड भिंतीच्या आत येऊ नये. उन्हात राहणाऱ्या सीपीव्हीसी पाइपला पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग द्यावा. थिनर किंवा टर्पेंटाइनचा ऑइलपेंट या प्लास्टिकला मानवत नाही. बोअरचे जड पाणी वापरणाऱ्या घरांत व्हॉल्व्ह क्षारांनी लवकर चोंदतो, म्हणून तो भिंतीजवळ उघड्यावर, पाना बसेल अशा जागी असावा.

चाचणीसाठी नळाला पाणी येण्याच्या दिवसाची वाट पाहू नये. टाकीचे पाणी सोडून तोटी बंद ठेवावी, रात्रभर पाइप भरलेला राहू द्यावा आणि सकाळी दोन्ही बाजूंच्या जोडांवरून कोरडा कागद फिरवून पाहावा. ओल नसेल तरच फटी बुजवाव्यात. आतील बाजूस पाइप, स्लीव्ह आणि टाइल यांमधील फट बुरशीरोधक न्यूट्रल सिलिकॉनने पूर्ण भरून त्यावर फ्लँज, म्हणजे भोक झाकणारी गोल चकती, बसवावा आणि दिवसभर तेथे पाणी लागू देऊ नये. बाहेर मात्र स्लीव्हच्या वरच्या आणि बाजूच्या कडा बंद करून तळाला काडीएवढी फट मोकळी सोडावी, म्हणजे आतील एखादा जोड पुढे गळू लागला तर पाणी टाइलच्या मागे न मुरता तेथून बाहेर ठिबकते आणि गळती वेळेत दिसते.