द्वैत वेदान्ताचा अभ्यास कसा सुरू करावा

मध्वाचार्यांच्या द्वैत वेदान्ताकडे वळणारा मराठी वाचक बहुधा 'जीव वेगळा, ईश्वर वेगळा' एवढे वाक्य पाठ करून थांबतो आणि उरलेले शास्त्र म्हणजे त्याच वाक्याचा विस्तार असावा, असे धरून चालतो. या दर्शनात भेदाला मोठे स्थान आहे हे खरे. पण त्या भेदाचा पाया स्वतंत्र आणि परतंत्र या विभागणीत आहे, त्यामुळे अभ्यासाची सुरुवातही तिथूनच करावी. त्यासाठी आचार्यांचे 'तत्त्वसंख्यान' हे अगदी लहान प्रकरण पुरेसे आहे. तत्त्व दोन प्रकारचे, स्वतंत्र आणि अस्वतंत्र, आणि स्वतंत्र असा एकटा भगवान विष्णू, हे त्यात आरंभीच सांगितलेले आहे. नित्यमुक्त असलेली, संसाराचा स्पर्शही न झालेली लक्ष्मीसुद्धा या विभागणीत परतंत्रच ठरते. एवढे एक उदाहरण नीट ध्यानात घेतले, तरी परतंत्र म्हणजे बद्ध किंवा दुःखी नव्हे, हे उमगते.

इथे एक शंका येतेच, आणि ती दडपू नये. जीव अनादी, काळ अनादी, प्रकृतीही अनादी; मग ज्यांना कोणी निर्माणच केले नाही, ती तत्त्वे दुसऱ्याच्या अधीन कशी? मध्वमताचे उत्तर असे, की वस्तूचे असणे, तिचे जाणवणे आणि तिचे प्रवृत्त होणे ही तिन्ही विष्णूच्या इच्छेवर अवलंबून आहेत, आणि हे अवलंबणे स्वतःच अनादी आहे. भागवताच्या दुसऱ्या स्कंधातील एक श्लोक यासाठी प्रमाण मानतात: द्रव्य, कर्म, काल, स्वभाव आणि जीव हे त्याच्या अनुग्रहामुळे आहेत, त्याने उपेक्षा केली तर नाहीत. सांख्यांचा पुरुष-प्रकृती विचारही द्वैतीच म्हटला जातो, पण सांख्यकारिकेत, म्हणजे त्या दर्शनाच्या मूळ मानलेल्या ग्रंथात, अशा नियामक ईश्वराला जागा नाही; म्हणून ही दोन दर्शने एकत्र वाचायला घेऊ नयेत.

हे पक्के झाल्यावर पंचभेदाकडे यावे. ईश्वर आणि जीव, ईश्वर आणि जड, जीव आणि जीव, जीव आणि जड, जड आणि जड असे हे पाच भेद आहेत, आणि ते सत्य व नित्य मानलेले आहेत. यादी पाच मिनिटांत पाठ होते. वेळ द्यावा तो भेद म्हणजे नेमके काय या प्रश्नाला. प्रतिपक्षाचा आक्षेप असा, की घट (घडा) पटाहून (वस्त्राहून) वेगळा हे कळायला दोन्ही आधी वेगळे म्हणून माहीत हवेत, म्हणजे एकाचे ज्ञान दुसऱ्यावर आणि दुसऱ्याचे पहिल्यावर अवलंबून राहण्याचा अन्योन्याश्रय दोष आला. त्यावर मध्व सांगतात, की भेद हे वस्तूचे स्वरूपच आहे. घट दिसला की तो इतर सर्वांहून निराळा असा सामान्यपणे दिसतोच. 'पटाहून निराळा' हा विशिष्ट उल्लेख तेवढा पट आठवल्यावर होतो.

जग सत्य का, याचे उत्तर प्रमाणविचारात, म्हणजे ज्ञानाच्या साधनांच्या विचारात, मिळते. प्रत्यक्ष, अनुमान आणि आगम (शास्त्रवचन) ही तीन प्रमाणे. ज्ञान स्वभावतः यथार्थ असते, आणि त्याची यथार्थता साक्षी, म्हणजे आत्म्याचे स्वरूपभूत इंद्रिय, ग्रहण करतो. शिंपल्यावर चांदी भासण्याचे जुने उदाहरण इथे सावकाश तपासावे. समोरचा शिंपला खरा असतो, डोळ्याचा त्याच्याशी संपर्कही खरा असतो. दोष आणि संस्कार यांमुळे तो चांदी म्हणून दिसतो, आणि ती चांदी मात्र तिथे मुळीच नसते. जवळ गेल्यावर 'इथे चांदी नव्हतीच' असे ज्ञान होते, 'सत् आणि असत् यांहून विलक्षण असे काहीतरी होते' असे कोणी म्हणत नाही. भासणारी वस्तू सत्‌ही नव्हे आणि असत्‌ही नव्हे, या अद्वैतातील अनिर्वचनीयतेवर मध्वांचा रोख आहे तो याच ठिकाणी.

ज्ञानेश्वरी आणि अमृतानुभव वाचून आलेल्याला शब्दांच्या बाबतीत सावध राहावे लागते. जीव हे ईश्वराचे प्रतिबिंब, असे मध्वही म्हणतात. परंतु तिथे प्रतिबिंब म्हणजे बिंबावर अवलंबून असणारे आणि त्याच्याशी काही अंशी सदृश असणारे, एवढाच अर्थ आहे, मिथ्यात्वाची छटा त्यात नाही. छांदोग्य उपनिषदात श्वेतकेतूला केलेल्या उपदेशातही 'तत्त्वमसि' (ते तू आहेस) या प्रचलित पाठाऐवजी 'स आत्माऽतत्त्वमसि', म्हणजे 'अतत् त्वम् असि' (ते तू नाहीस), असा पदच्छेद ते करतात. तो ओढूनताणून केलेला आहे की नाही, हे ठरवण्यापूर्वी त्या प्रकरणातले दृष्टान्त स्वतः वाचावेत. दोरीने बांधलेला पक्षी दिशादिशांना उडतो आणि शेवटी बंधनस्थानीच विसावतो. पक्षी आणि त्याचा आधार एक नव्हेत, हे मध्वांचे म्हणणे या दृष्टान्तापुरते तरी सहज पटते. नद्या समुद्रात मिळतात या दृष्टान्ताशी मात्र झगडावे लागते.

तारतम्य, म्हणजे जीवांमधली स्वाभाविक उच्चनीचता, हा भाग बऱ्याच सोप्या परिचयांत गाळलेला आढळतो, आणि ते योग्य नाही. जीव स्वभावतःच मुक्तियोग्य, नित्यसंसारी (कायम संसारात फिरणारे) आणि तमोयोग्य (अंधतमसाला जाणारे) असे तीन प्रकारचे आहेत, ही या मताची सर्वांत वादग्रस्त प्रतिज्ञा होय. ती आवडो न आवडो, तिच्याशिवाय मोक्षाची कल्पना अपुरी राहते. मोक्ष म्हणजे स्वतःच्या स्वरूपातील आनंदाचा निर्मळ अनुभव, आणि प्रत्येकाचे स्वरूप वेगळे असल्यामुळे मुक्तांच्या आनंदातही उच्चनीचता असते. ज्याची जेवढी योग्यता तेवढा तो पूर्ण भरलेला असल्यामुळे तिथे मत्सराला वाव नसतो. त्याचे साधन भक्ती, आणि भक्तीची व्याख्या 'महाभारततात्पर्यनिर्णया'त दिलेली आहे: माहात्म्याच्या ज्ञानासह असलेला, अढळ आणि सर्वांहून अधिक असा स्नेह. ज्ञानावाचूनचा उमाळा या व्याख्येत बसत नाही.

पुढचे वाचन टीकांच्या आधारानेच करावे, कारण मध्वांची भाषा फार त्रोटक आहे. परंपरेने मूळचे मंगळवेढ्याचे मानलेले जयतीर्थ यांच्या टीका त्यासाठी सर्वमान्य आहेत. आधी 'तत्त्वसंख्यान' आणि 'विष्णुतत्त्वविनिर्णय' सटीक वाचावेत; 'अनुव्याख्याना'वरील 'न्यायसुधा' हा जयतीर्थांचा ग्रंथ न्यायशास्त्राची परिभाषा अंगवळणी पडल्यावरच उघडावा. उडुपीच्या अष्टमठांची, उत्तरादी मठाची, गोव्यात काणकोणजवळच्या पर्तगाळी मठाची परंपरा याच मताची असल्यामुळे पाठ सांगणारे विद्वान तिथे विचारता येतात. त्यानंतर व्यासतीर्थांचे 'न्यायामृत' आणि त्याला मधुसूदन सरस्वतींनी दिलेले उत्तर, म्हणजे 'अद्वैतसिद्धी', शेजारी शेजारी ठेवून एकेक मुद्दा घेत वाचावीत.