घरी बनवलेल्या ट्रेकिंग सामानाचं डिझाइन वाटायचं कसं, परवाना द्यायचा कसा

सॅकवरचं पावसाळी कव्हर, गेटर (बूट आणि पोटरी झाकणारं आवरण), हॅमॉक (दोन टोकांना बांधायची झोळी), स्पिरिटची चूल. मुंबईत अशा वस्तू घरच्या मशीनवर किंवा धारावीतल्या कारागिराकडून बनवून घेणारे ट्रेकर बरेच आहेत. त्यातलं जमून आलेलं डिझाइन इतरांना द्यायचं तर कामं दोन: अनोळखी माणसाला न चुकता ती वस्तू बनवता येईल असे कागद तयार करणं आणि त्या कागदांना नेमका परवाना, म्हणजे इतरांनी ते कसे वापरावेत याची लेखी परवानगी, जोडणं. बहुतेकांचा सगळा वेळ परवान्याच्या चर्चेत जातो. पण डिझाइन वाया जातं ते अर्धवट कागदांमुळे.

त्याही आधी एक प्रश्न सोडवून टाका. या वस्तूवर पेटंट किंवा डिझाइन नोंदणी घ्यायचा विचार आहे का? असेल तर अर्ज दाखल होईपर्यंत फोटोही टाकू नका. भारतात दोन्हींसाठी नावीन्य लागतं, आणि आपणच केलेली प्रसिद्धी ते नावीन्य घालवते. अपवाद आहेत, पण फार अरुंद. अर्ज ऑनलाइन होतो; मुंबईचं पेटंट कार्यालय अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात आहे. पेटंटची मुदत २० वर्षं, नोंदलेल्या डिझाइनची १० आणि वाढवून आणखी ५. शिवलेल्या साध्या वस्तूसाठी हा खर्च सहसा परवडत नाही.

कागद कसे तयार करायचे

५० लिटरच्या सॅकचं कव्हर उदाहरणाला घेऊ. सॅक ६५ सेंमी उंच, ३२ रुंद, २४ खोल. दोन्ही बाजूंची खोली आणि कडेला २.५ सेंमी घडी धरली, तर कापड लागतं ११८ × ८५ सेंमी, एकाच तुकड्यात. चारही कोपरे २० सेंमी त्रिज्येने गोल. ही मापं लिहिताना घडी धरून आहेत की सोडून, ते प्रत्येक आकड्याशेजारी लिहा. ‘मार्जिन (घडीसाठी सोडलेली जादा जागा) धरलेलं आहे’ एवढं वाक्य लिहायचं राहिलं की पुढचा माणूस मार्जिन दोनदा सोडतो, नाहीतर सोडतच नाही.

आकार दोन्हीकडून सारखा असल्यामुळे पाव पॅटर्न पुरतो: ५९ × ४२.५ सेंमी. तो ए४च्या ८ पानांवर बसतो, किंवा प्लॉटर (मोठे कागद छापणारं यंत्र) असलेल्या दुकानात ए१ कागदावर एकदम निघतो. इथली नेहमीची चूक म्हणजे ‘फिट टू पेज’. प्रिंट ९६ टक्क्यांनी निघालं तर ११८ सेंमीचे ११३ होतात, आणि कव्हर सॅकच्या तळाशी ५ सेंमी कमी पडतं. म्हणून पहिल्या पानावर १० सेंमीचा चौकोन काढा आणि शेजारी लिहा: ‘कापडाला कात्री लावण्याआधी हा पट्टीने मोजा.’ पाव पॅटर्नच्या ज्या दोन कडांशी कापड दुमडायचं तिथे ‘दुमड’, उभ्या धाग्याचा बाण आणि पानं जुळवायच्या खुणा हव्यातच.

सामानाच्या यादीत ब्रँडऐवजी गुणधर्म लिहा. ‘७० डेनियर रिपस्टॉप नायलॉन, आतून पीयू कोटिंग, १५० सेंमी पन्हा, सव्वा मीटर’ असं लिहिलं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप, रिपस्टॉप म्हणजे फाट पुढे जाऊ न देणारी वीण, पीयू म्हणजे पॉलियुरेथेन) की तो माल कुठल्याही बाजारात मागता येतो. ‘अमुक दुकानातलं निळं कापड’ पुढच्या हंगामात मिळेलच असं नाही. सोबत ३ मिमी इलॅस्टिक दोरी २ मीटर, कॉर्ड लॉक (दोरी आवळून धरणारी चिमटी) १, १० मिमी आयलेट (भोकाला बसवायची कडी) १, पॉलिस्टर धागा, १२ नंबरची सुई.

आणि प्रत्येक निर्णयाचं कारण लिहा. याचा सगळ्यांनाच कंटाळा येतो, पण डिझाइन टिकतं ते यावरच. आयलेट तळाशी का? सह्याद्रीतल्या पावसात पाणी पाठीकडून आत उतरतं आणि कव्हरच्या तळात साचतं. ते निघायला वाट हवी. हे लिहिलं नाही तर दुसरा माणूस ‘पावसाळी कव्हरला भोक कशाला’ म्हणून ते काढून टाकेल. टाका ३ मिमीचा का? बारीक टाक्यांनी कापडाला ओळीने भोकं पडतात आणि ते पोस्टाच्या तिकिटासारखं फाटतं. टाचण्यांऐवजी क्लिपा का? कोटिंगला पडलेलं भोक बुजत नाही. सिलिकॉन कोटिंगचं कापड वापरणाऱ्याला हेही सांगा, की पीयूसाठीची शिवण टेप त्यावर चिकटत नाही.

पीडीएफ बघायला, पण बदल करायला मूळ फाइल लागते. इंकस्केप या चित्र काढायच्या प्रोग्रॅममधली एसव्हीजी किंवा डीएक्सएफ फाइल सोबत द्या. बदलता येणारी फाइल न देता ‘डिझाइन खुलं आहे’ म्हणणं आम्हाला पटत नाही, आणि ओपन सोर्स हार्डवेअरच्या व्याख्येतही ते बसत नाही.

परवाना नेमका कशाला लागतो

परवाना लागतो तो आकृती, मजकूर आणि फोटो यांना. शिवलेलं कव्हर ही उपयोगाची वस्तू आहे, तिच्यावर कॉपीराइटची पकड फार सैल. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(डब्ल्यू) सांगतं, की उपयुक्त साधनाचा निव्वळ कामाचा भाग तांत्रिक आकृतीवरून औद्योगिक वापरासाठी बनवला तर ते उल्लंघन ठरत नाही. कलम १५ आणखी पुढे जातं: जे डिझाइन नोंदवता आलं असतं पण नोंदवलं नाही, त्याच्या वस्तू तुम्ही किंवा तुमच्या परवानगीने दुसऱ्याने औद्योगिक पद्धतीने ५०पेक्षा जास्त बनवल्या, की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. म्हणून ‘माझं कव्हर कुणी विकू नये’ एवढ्यासाठी परवाना लिहीत असाल, तर भिस्त चुकीच्या जागी आहे. तुमचा मजकूर आणि फोटो उचलून कुणी स्वतःच्या नावावर खपवू नयेत, सुधारणा परत सगळ्यांना मिळाव्यात, यासाठी मात्र तो नक्की उपयोगी पडतो.

शिवणकामाच्या पॅटर्नला आमची पसंती क्रिएटिव्ह कॉमन्स या तयार खुल्या परवान्यांच्या संचातल्या बाय-एसए ४.०ला: नाव द्या, बदल सांगा, बदललेली आवृत्ती त्याच अटींवर वाटा. नुसतं नाव पुरत असेल तर बाय ४.०, कुठलीच अट नको असेल तर सीसी झिरो. एनडी (बदललेली आवृत्ती वाटायला मनाई) टाळा, सॅकच्या मापाप्रमाणे बदललेला पॅटर्नच पुढे देता येत नसेल तर तो वाटण्यात अर्थ नाही. एनसी (व्यावसायिक वापराला मनाई) सुद्धा टाळाच. त्या अटीखाली शिलाई घेऊन एकच कव्हर शिवून देणारा कारागीर पॅटर्न वापरू शकतो की नाही, यावरच वाद होतो. एनसी लावायचंच असेल तर ‘कारागिराने मजुरी घेऊन शिवायला हरकत नाही’ अशी जादा परवानगी वेगळी लिहा. जादा परवानगी देता येते. उलट, जादा बंधन घातलं तर त्याला क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना म्हणता येत नाही.

चूल, घडीचं फावडं, बिजागरीचं काही असेल तर सर्न-ओएचएलची, म्हणजे सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या खुल्या हार्डवेअर परवान्याची, दुसरी आवृत्ती (२०२०) बघा. क्रिएटिव्ह कॉमन्स ४.०मध्ये पेटंटचे हक्क दिले जात नाहीत. सर्नच्या परवान्यात त्यांची तरतूद आहे. बदल खुले ठेवायची अट किती कडक यावरून त्याचे तीन प्रकार: पी मोकळा, डब्ल्यू मधला, एस सर्वांत कडक.

एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. त्यामुळे डिझाइनवर काम केलेल्या प्रत्येकाची लेखी संमती आधी घ्या. दुसऱ्याच्या एनसी पॅटर्नचा तुकडा वापरला असेल, तर तुमचं एकत्रित काम बाय-एसएखाली देता येणार नाही.

परवान्याची ओळ प्रत्येक पानाच्या तळाशी छापा, कारण व्हॉट्सअॅपवर एकेक पान सुटं फिरतं: वस्तूचं नाव आणि आवृत्ती, कर्त्याचं नाव, मूळ दुवा, परवाना.

जीव ज्यावर टांगला जातो

हार्नेस (चढताना कमरेला बांधायचे पट्टे), स्लिंग (आधाराला अडकवायचा पट्टा), बिलेचं (चढणाऱ्याचा दोर धरून ठेवायचं) साधन यांचे घरगुती पॅटर्न वाटू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. हॅमॉक द्या, पण भाराचा हिशेब देऊनच. ८० किलोचा माणूस स्थिर झोपला आणि दोर आडव्या रेषेशी ३० अंशांत असेल, तर प्रत्येक बाजूला ८० किलोचाच ताण येतो. तोच दोर ओढून १० अंशांवर आणला तर ताण २३० किलोच्या आसपास जातो. ‘घट्ट बांधा’ एवढंच लिहिलेल्या कागदाने इथे शिवण उसवते. चुलीच्या कागदावर ‘तंबूत पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइड साचतो’ हे पहिल्याच पानावर हवं. परवान्यातलं ‘कोणतीही हमी नाही’ हे कलम तुम्ही वस्तू विकायला लागलात की पुरत नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादनाची जबाबदारी बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावरही येऊ शकते.

एखाद्या कारखान्याशी वेगळा करार करायचा असेल तर मुदत, प्रदेश आणि मोबदला स्पष्ट लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारत.

चूक सापडली तर जुनी फाइल गुपचूप बदलू नका. १.०ची १.१ करा, वरती तारीख आणि एक ओळ: ‘तळाची घडी २.५ची ३ सेंमी केली, इलॅस्टिक अडकत होतं.’ जुनी आवृत्ती तिथेच राहू द्या. तिच्यावरून कापड बेतून बसलेल्या माणसाला आपल्या हातात कोणता कागद आहे ते कळायला हवं.