रेडफिश फ्लायवर येत नाही? उथळ पाण्यातल्या या चुका टाळा

टेक्सासच्या किनाऱ्यालगत असलेल्या लागुना माद्रे या उथळ, खाऱ्या सरोवरात गुडघाभर पाण्यात रेडफिश चरत असतो. शेपटी पाण्याबाहेर, तिच्या बुडाशी काळा ठिपका. इतकं समोर दिसूनही मासा हाती लागत नाही, आणि दोष फ्लायला, म्हणजे गळावर पिसं-दोरे बांधून केलेल्या नकली आमिषाला दिला जातो. डबा उघडून दुसरी फ्लाय बांधली जाते, निकाल मात्र तोच. माझ्या मते या माशासाठी फ्लायची निवड हा अगदी शेवटचा प्रश्न आहे. खेकडा, कोळंबी, बारीक मासे, सगळंच तो खातो. बिघडतं ते फ्लाय पाण्यात पडण्याआधी आणि मासा ती तोंडात घेतो त्या क्षणी.

फ्लाय माशाच्या अंगावर टाकणे

सर्वांत जास्त संधी इथे वाया जातात. लाइन माशाच्या पाठीवरून गेली की तो पळालाच म्हणून समजा. पण याहून सूक्ष्म चूक म्हणजे फ्लाय माशाच्या पलीकडे टाकून ती त्याच्याच दिशेने ओढणे. खेकडा किंवा कोळंबी माशावर चाल करून जात नाही, जीव वाचवायला दूर पळते. म्हणून फ्लाय नेहमी माशापासून लांब जाताना दिसली पाहिजे.

अंतर मात्र प्रत्येक माशागणिक बदलतं. मासा स्वच्छ पाण्यात सरळ पोहत असेल, तर त्याच्या वाटेवर तीन-चार फूट पुढे फ्लाय टाका, बुडू द्या, तो जवळ आला की हलकेच हलवा. शेपटी वर काढून चरणाऱ्याचं डोकं चिखलात असतं, त्याला लांबचं दिसत नाही. तिथे तोंडापासून फूटभरावर, पण अलगद. लुईझियानाच्या गढूळ पाणथळीतही तसंच जवळ टाकावं लागतं, आणि तिथे काळी किंवा जांभळी फ्लाय उठून दिसते.

रेडफिश हा आपल्या घोळ माशाच्याच कुळातला. त्याचं तोंड खालच्या बाजूला असतं आणि तो तळाशी चरतो. डोक्यावरून वेगाने जाणाऱ्या फ्लायकडे तो बऱ्याचदा ढुंकूनही बघत नाही. मासा मागे येतोय पण तोंड लावत नाही, असं झालं की बहुतेक जण घाबरून ओढणं थांबवतात. त्याऐवजी दोन छोटे, जलद झटके द्या आणि मग फ्लाय तळाला जाऊ द्या.

रॉड उचलून गळ रुतवणे

गोड्या पाण्यात ट्राउट पकडून आलेल्यांची ही सवय सुटता सुटत नाही. मासा लागला असं वाटताच मनगट वर जातं आणि फ्लाय तोंडातून निसटून हवेत. रॉडचं टोक खाली, पाण्याजवळ आणि माशाकडे रोखलेलं ठेवा. लाइन जड झाली की लाइन धरलेल्या हाताने लांब, ठाम ओढ द्या. वजन जाणवेपर्यंत रॉड उचलू नका. यात मोठा फायदा असा की गळ रुतला नाही तरी फ्लाय जेमतेम दोन फूट सरकते, माशाच्या पुढ्यातच राहते, आणि तो पुष्कळदा पुन्हा वळतो.

हवेतच घुटमळणे

फॉल्स कास्ट, म्हणजे लाइन पाण्यावर न टाकता हवेतच पुढे-मागे फिरवणं, दोनपेक्षा जास्त नकोत. तेवढ्यात माशावर सावली पडते किंवा तो वळून निघून जातो. ऐंशी फुटांच्या कास्टपेक्षा (फेकीपेक्षा) चाळीस फुटांची झटपट, वाऱ्यातली कास्ट कितीतरी उपयोगी. घरामागच्या हिरवळीवर कागदी प्लेट ठेवून, एकाच फॉल्स कास्टमध्ये तिच्यापर्यंत पोचायचा सराव करा. वारा समोरून आणि दोन्ही खांद्यांवरून घेऊन बघा. 8 नंबरचा रॉड, तरंगणारी लाइन, नऊ फुटी लीडर (लाइनच्या टोकाचा पारदर्शक धागा) आणि 16 ते 20 पौंडी टिपेट (लीडरचं फ्लायकडचं बारीक टोक) एवढं बहुतेक ठिकाणी पुरतं.

होडीवर दिशा घड्याळाच्या आकड्यांनी सांगतात, आणि नाळेसमोर (होडीच्या पुढच्या टोकासमोर) बारा वाजले असं धरतात. गाइड म्हणाला, ‘दहा वाजता, चाळीस फूट’, तर नुसतं डोळे ताणून शोधू नका. रॉड त्या दिशेला रोखा, म्हणजे तो ‘अजून डावीकडे’ असं सांगू शकतो. पायाखाली लाइन आलीय का हे मात्र आधीच बघून घ्या.

भरतीचा अंदाज सगळीकडे सारखाच धरणे

साउथ कॅरोलिनात चार्ल्स्टनच्या आसपास अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खाडीकाठच्या स्पार्टिना गवतात चढतं. त्यासोबत मासे आत शिरतात, एक नांगी मोठी असलेल्या बारक्या खेकड्यांसाठी. ही वेळ थोडी असते. पाणी उतरायला लागलं की मासे झपाट्याने खाडीत परततात. इथे गवतात न अडकणारी, गळापुढे तारेचा आडोसा असलेली फ्लाय लागते. लागुना माद्रेत याउलट भरती-ओहोटीचा फरक अगदी थोडा असतो आणि पाण्याची पातळी वाराच हलवतो. तिथे भरतीचं कोष्टक घेऊन बसण्यापेक्षा वाऱ्याचा अंदाज बघा.

पाय आपटत चालणे

पाण्यातून चालताना पाऊल उचलून टाकू नका, तळाला घासत सरकवा. आवाज कमी होतो, आणि चिखलात दबा धरून बसलेली पाकट आधीच बाजूला होते. कालवांच्या खडकांवर जाड तळाचे बूटच हवेत.

मासा सोडताना घाई किंवा दिरंगाई

उन्हाळ्यात कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो. मासा फार वेळ खेळवू नका, हात ओले करून धरा, मोठा मासा जबड्याला लटकवू नका. सोडताना पाण्यात सरळ धरून ठेवा, स्वतःहून जोर लावेपर्यंत. 1980 च्या दशकात हॉटेलांतल्या मागणीमुळे हा मासा मेक्सिकोच्या आखातात फार घटला होता. मोठे मासे वीण टिकवतात, म्हणूनच आकाराचे नियम आहेत. टेक्सासमध्ये ठेवायचा मासा 20 ते 28 इंचांमधला असावा लागतो. लुईझियानाने 2024 मध्ये ही मर्यादा 18 ते 27 इंच केली. नियम बदलत राहतात, त्यामुळे परवाना काढतानाच त्या वर्षीचे नियम वाचून घ्या आणि होडीत मोजपट्टी ठेवा.