जांभ्याच्या घराचं रेंडर: रंग भरण्याआधीची तयारी

कोकणातलं जांभ्याचं घर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर करायला, म्हणजे मॉडेलवरून त्याचं चित्र तयार करायला घेतलंत की दिव्यांची घाई करू नका. आधी सगळ्या वस्तूंना एकच मधला राखाडी द्या आणि मग एकेका साहित्याचा रंग ठरवा. ठरवताना प्रश्न एकच: या पृष्ठभागावर पडलेल्या उजेडातला किती परत येतो?

सुरुवात चुन्याच्या भिंतीपासून करा, कारण सगळ्यात जास्त चूक तिथेच होते. पांढरी म्हणून २५५ दिलं (रंगाचे आकडे ० ते २५५, ० म्हणजे पूर्ण काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा), तर उजेड भिंतीभिंतींवर आपटत राहतो, कुठे विरतच नाही. कोपऱ्यातली सावली जाते आणि घर कागदाचं दिसतं. ताजा बर्फसुद्धा साधारण ८० ते ९० टक्केच उजेड परत पाठवतो. भिंतीला ८० टक्के, म्हणजे २३१ पुरे (हे आकडे उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात), आणि जुनी असेल तर त्याहून कमी. काळ्याचंही तसंच. कोळसा जवळपास ४ टक्के उजेड परतवतो, म्हणजे ५६, मग कडप्प्याला शून्य कशाला? एक गोष्ट वहीत लिहूनच ठेवा: १२८ म्हणजे निम्मा उजेड नव्हे, तो जेमतेम २२ टक्के. निम्म्यासाठी १८८ लागतं.

जांभ्याचा रंग फोटोतून उचलणार असाल तर फोटो ढगाळ उजेडात, रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा आणि चिऱ्याशेजारी १८ टक्के उजेड परतवणारं राखाडी ग्रे कार्ड ठेवा. कॅमेऱ्याचा कॉन्ट्रास्ट न लावता फोटो उघडून कार्ड ११८ वर आणलं, की चिऱ्याचा रंग विश्वासाने घेता येतो. उन्हातल्या फोटोत ऊन आणि सावली आधीच मिसळलेली असते, ती रेंडरमध्ये दुसऱ्यांदा पडते. चिऱ्यामुळे शेजारच्या भिंतीवर येणारी लाली हाताने रंगवू नका, ती बाऊन्स लाइट, म्हणजे चिऱ्यावर आपटून आलेला उजेड, आणून देईल.

तांब्याच्या हंड्याला मेटॅलिक १ (हे धातूपणाचं माप, ० म्हणजे धातू नाही) आणि लाल, हिरवा, निळा असा रंग २५०, २०९, १९४ च्या आसपास, पण हे चिंचेने घासलेल्या लखलखीत तांब्याचं माप. त्यावर चढलेली हिरवट पुटं धातू नव्हेत. मास्क (तेवढाच भाग निवडणारं चित्र) लावून तिथे मेटॅलिक ० करा.

रफनेस (पृष्ठभागाचा खरखरीतपणा) आणि नॉर्मल (बारीक उंचवटे) यांची टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागावर लावायची चित्रं, नॉन-कलर आहेत ना, म्हणजे रंग न समजता नुसते आकडे म्हणून वाचली जातात ना, ते बघून घ्या.

ब्लेंडर ४.० पासून व्ह्यू ट्रान्सफॉर्म (हिशेबातला उजेड पडद्यावरच्या रंगात बदलणारी सेटिंग) मुळातच एजीएक्स असतो, आणि तो दिसणारे रंग बदलतो. त्यामुळे तयार चित्रावर ड्रॉपर (रंगाचा आकडा वाचणारं साधन) लावून आकडे जुळवत बसू नका, तपासणी डिफ्यूज कलर पासवर, म्हणजे उजेड-सावली वगळून नुसता साहित्याचा रंग दाखवणाऱ्या थरावर करा.

पावसाळ्यातलं दृश्य हवं असेल तर नुसता रफनेस उतरवून भागत नाही. जांभा सच्छिद्र, पाणी शोषतो आणि गडद होतो. म्हणून ओल्या चिऱ्याचा रंगही उतरवा, आणि वळचणीखालचा कोरडा पट्टा तसाच राहू द्या.